बर्फ म्हणजे कोरा कागद

(दृश्य: जुन्या स्की-पोस्टरवरून हळूहळू सरकणारं भिंग.)

हा उतार नीट पाहा. डाव्या कडेला निळी सावली आहे, शिखरावर केशरी ऊन आहे, मधून स्कीच्या दोन बारीक रेघा गेल्या आहेत. आणि बर्फ? बर्फ छापलेलाच नाही. तो नुसता कागद आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या छापखान्यात या बर्फासाठी पांढरी शाई लागत नसे. चित्रकार जिथे हात आखडता घेई, तिथे बर्फ पडे.

(दृश्य: आल्प्समधलं लहान रेल्वे स्टेशन, थंडीची सकाळ.)

एकोणिसाव्या शतकात आल्प्समधली हॉटेलं उन्हाळ्यात गजबजत आणि थंडीत दारं लावून बसत. सेंट मॉरिट्झचे हॉटेलवाले योहानेस बाद्रुट यांची गोष्ट तिथे अजून सांगितली जाते. 1864 साली त्यांनी आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली म्हणे: हिवाळ्यात येऊन पाहा, आवडलं नाही तर जाण्यायेण्याचा खर्च माझा. पाहुणे आले आणि वसंत येईपर्यंत मुक्काम ठोकून राहिले.

पण हॉटेल भरायचं तर आधी गाडी भरायला हवी. म्हणून ही पोस्टरं काढून घेण्यात रेल्वे कंपन्या पुढे होत्या. फ्रान्समध्ये पॅरिसहून ल्योंमार्गे भूमध्य समुद्रापर्यंत जाणारी 'पीएलएम' ही रेल्वे होती. तिच्यासाठी रोजे ब्रोदेर यांनी 1920 आणि 30च्या दशकांत केलेली पोस्टरं आज घरोघरी प्रतींच्या रूपात दिसतात. सपाट रंग, ठळक कडा, बारकावे जवळजवळ नाहीतच. फलाटावरच्या घाईतल्या माणसाला चार पावलांत कळलं पाहिजे, एवढाच हिशेब.

(दृश्य: 1908चं झेरमाटचं पोस्टर, पूर्ण चौकट.)

या सगळ्यांच्या आधीचं एक पोस्टर मला फार मोलाचं वाटतं. एमिल कार्दिनो या स्विस चित्रकाराने 1908 साली झेरमाट या आल्प्समधल्या गावासाठी केलेलं. त्यात स्की नाही, हॉटेल नाही, टोपी घातलेली हसरी बाई नाही. फक्त मॅटरहॉर्न हा डोंगर. पायथा अंधारात, शिखर उन्हात पेटलेलं. जाहिरातीने काही न विकता नुसतं दाखवायचं, हे धाडस त्या वेळी नवं होतं. पुढच्या स्विस पोस्टरकलेने पाऊल टाकलं ते याच वाटेवर.

(दृश्य: शिळाप्रेसचा दगड, त्यावरून फिरणारा ओला बोळा आणि शाईचा रूळ.)

ही पोस्टरं दगडावरून छापली जात. आपण शिळाप्रेस म्हणतो ना, तीच. आलोइस झेनेफेल्डर यांनी 1790च्या दशकात बव्हेरियात शोधलेली पद्धत. तिथल्या झोल्नहोफेनच्या गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड पाण्याने ओला करायचा आणि रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई बसत नाही, तेलकट रेघेवर बसते. जितके रंग तितके दगड आणि तितक्या वेळा तोच कागद दाबाखाली. एक रंग केसभर सरकला तरी शिखराला दोन कडा दिसायच्या.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली तंत्रं आणि कारागीर जर्मनीतून आलेले. छापखाना पुढे विकत घेतला तोही फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञानेच. देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती अशाच दगडांवरून उतरून घराघरांत पोचल्या. मूळ तैलचित्र संस्थानिकाच्या महालात, प्रत आजीच्या माजघरात. स्वस्त प्रतीला कमी लेखण्याआधी मला नेहमी ते माजघर आठवतं.

(दृश्य: भिंतीवर एकावर एक चिकटवलेली, फाटलेली पोस्टरं.)

मग मूळ पोस्टरं इतकी महाग का? कारण ती जपायला केलेलीच नव्हती. एक मोसम संपला की त्याच भिंतीवर दुसरं चिकटवायचं. छपाई झाली की दगडही घासून पुढच्या चित्राला घ्यायचे. म्हणजे मागे वळून तेच पोस्टर पुन्हा छापायची सोय बहुतेक वेळा राहिलीच नाही. भिंतीवर न लागलेले थोडे गठ्ठे वाचले, तेच आता लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत फिरतात आणि नावाजलेल्या पोस्टराची बोली लाखो रुपयांत जाते.

सामान्य माणसाच्या वाट्याला येते ती वाचलेल्या एखाद्या पोस्टरावरून फोटो काढून केलेली प्रत. काही शे रुपयांत मिळते, आणि मिळावी. मात्र प्रतीला प्रत म्हणून विकावं. 'अस्सल जुनं' म्हणून मी एकदा मागवलेलं पोस्टर हातात आलं तेव्हा कागद चकचकीत होता आणि वास ताज्या शाईचा. मला वाईट वाटलं ते पैशांपेक्षा त्या खोट्या शब्दाचं.

(दृश्य: भिंगातून दोन पोस्टरांचा बर्फ, शेजारी शेजारी.)

ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि थेट बर्फावर ठेवा. जुन्या शिळाछापावर रंग सलग दिसतो, कडेला खडूचे खरबरीत कण दिसतात आणि बर्फात काही म्हणजे काही नाही. कागद पिवळा पडलेला असेल, पण ते पिवळेपण कागदाच्या अंगातलं. प्रतीत मात्र फोटोबरोबर ते वयही छापलं जातं. साध्या डोळ्यांना बर्फ जुना, मऊ, सायीसारखा दिसतो, आणि भिंगाखाली त्यात पिवळे, गुलाबी, निळे ठिपके पसरलेले सापडतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. हर्बर्ट माटर यांनी 1930च्या दशकात स्विस पर्यटनासाठी फोटो कापून-जुळवून पोस्टरं केली. पोंट्रेसिना या गावाच्या पोस्टरात गॉगल लावलेला एक भलामोठा चेहरा आहे आणि मागे दूरवर इवलासा स्कीवाला. अशा पोस्टरांत मूळ छपाईच फोटोवरून झालेली, त्यामुळे नुसत्या ठिपक्यांवरून तिथे निवाडा करू नका.

आणि हक्कांचं काय? कार्दिनो 1936 साली गेले, ब्रोदेर 1953 साली. चित्रकाराच्या मृत्यूनंतर युरोपात 70 वर्षं आणि आपल्याकडे 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे ही दोघांची चित्रं आता सगळ्यांची झाली. पण आलेक्स डिगेलमान यांचं तसं नाही. आरोसा या स्कीच्या गावासाठी केलेल्या पोस्टरला 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळालं होतं. त्या काळी ऑलिंपिकमध्ये कलेच्याही स्पर्धा असत. डिगेलमान 1987 साली वारले. त्यांचं पोस्टर परवानगीशिवाय छापून विकणारा चित्रकाराच्या वारसांचं देणं बुडवतो.

(दृश्य: फ्रेमवाल्याचं दुकान. मागची पाटी, पुढची काच, खिळे.)

प्रत घ्यायचीच असेल तर कागद चकचकीत नको, जाड आणि बिनचमकीचा हवा. मूळ आकाराचं प्रमाण राखलेलं हवं, नाहीतर ए-थ्रीत बसवताना नेमकी खालची गावाच्या नावाची ओळ कापली जाते. काही चांगले छपाईवाले आणखी एक कष्ट घेतात. फोटोतलं पिवळेपण ते हाताने, तुकड्यातुकड्याने पुसून काढतात.

(दृश्य: भिंतीवर लावलेली प्रत. भिंग शिखरावरून खाली येतं.)

अशी एक प्रत माझ्या टेबलासमोर आहे. शिखरावर ठिपके आहेत, सावलीत ठिपके आहेत. भिंग उताराच्या मध्यावर येतं, आणि तिथे कोरा कागद आहे.