मानसशास्त्राची पदवी: विषयांची आखणी पहिल्याच वर्षी कशी करावी?

नमस्कार. बारावीचा निकाल लागून पुण्यात कला शाखेच्या प्रवेशांची धावपळ सुरू झाली, की मानसशास्त्र घेऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक सर्वांत आधी चांगले महाविद्यालय कोणते, हे विचारतात. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु प्रवेश झाल्यानंतर पुढची तीन-चार वर्षे तुमच्या हाती जे उरते, ते म्हणजे विषयांची निवड आणि त्यांचा क्रम. आज मी त्याविषयीच बोलणार आहे, आणि माझे मत आरंभीच सांगते: ही आखणी सांख्यिकी आणि संशोधनपद्धती यांना मध्यभागी ठेवून करावी, बाकीचे विषय त्यांच्याभोवती बसवावेत.

आधी रचना समजून घेऊ. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160 ते 176 श्रेयांक (क्रेडिट) लागतात. पुण्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांत कला शाखेच्या पहिल्या वर्षी तीन विषय घ्यावे लागतात, दुसऱ्या वर्षी त्यांपैकी एक मेजर म्हणजे मुख्य विषय होतो, एक मायनर म्हणजे दुय्यम विषय होतो आणि तिसरा सुटतो. स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, त्यामुळे शेजारच्या महाविद्यालयातल्या मैत्रिणीची आखणी तुम्हाला जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही. आपल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून सहाही सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि संशोधनपद्धती, सांख्यिकी व मानसशास्त्रीय चाचण्या हे विषय कोणत्या सत्रात येतात, ते प्रथम पाहावे.

हेच विषय प्रथम का पाहायचे, हे एका प्रात्यक्षिकावरून सांगते. म्युलर-लायर यांनी 1889 मध्ये मांडलेला दृष्टिभ्रम बहुतेक प्रयोगशाळांत करून घेतला जातो. दोन समान लांबीच्या रेषा असतात. एकीच्या टोकांवरचे बाण आत वळलेले, दुसरीचे बाहेर उघडलेले, आणि दुसरी रेषा आपल्याला लांब वाटते. प्रयोगात भाग घेणारी व्यक्ती दोन्ही रेषा समान दिसेपर्यंत एक रेषा कमी-जास्त करते आणि प्रत्यक्ष लांबीतला फरक आपण मिलिमीटरमध्ये नोंदवतो. आता समजा, दोन गटांच्या सरासरी चुकांमध्ये तीन मिलिमीटरचा फरक आला. हा फरक खरा मानायचा, की योगायोगाचा? ज्या विद्यार्थ्याला प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत, याचे माप) आणि टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का, हे तपासण्याची रीत) समजलेली आहे, तो या प्रश्नाचे उत्तर शोधू शकतो. ज्याला ती समजलेली नाही, तो गेल्या वर्षीचे जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, समोर ठेवून निष्कर्ष उतरवून काढतो, आणि प्रयोगशाळेतले ते तास वाया जातात याचे मला मनापासून वाईट वाटते.

अपसामान्य मानसशास्त्र, म्हणजे मानसिक विकारांचा अभ्यास, हा बहुतेकांचा आवडता विषय, आणि तिथेही हेच आहे. नैराश्यावर एक उपचारपद्धती दुसरीपेक्षा परिणामकारक आहे, असे वाक्य पुस्तकात येते तेव्हा त्यामागे यादृच्छिक पद्धतीने पाडलेले गट असतात, तुलनेसाठी ठेवलेला नियंत्रित गट असतो आणि आकडेमोड असते. ती वाचता आली नाही, तर विषय पाठांतराचा होऊन बसतो. गणिताची भीती असणाऱ्यांना मी खात्रीने सांगते, की पदवीच्या पातळीवर लागणारी आकडेमोड दहावीचे गणित आलेल्या कोणालाही जमते. जामोवी आणि आर ही सांख्यिकीची सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत, पण सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात, याचे माप) एकदा तरी कागदावर, हाताने काढून पाहावा.

सांख्यिकी प्रत्यक्ष कामात कशी लागते, याचे पुण्यातलेच एक उदाहरण आहे. आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये सदाशिव पेठेत सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत बुद्धिमापनाचे मोठे काम झाले आणि त्याला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धीविषयक प्रतिमानाचा आधार होता. परदेशात तयार झालेली चाचणी केवळ मराठीत आणून चालत नाही. इथल्या मुलांवर ती पुन्हा वापरून तिची विश्वसनीयता, म्हणजे ती पुन्हा पुन्हा सारखेच निकाल देते का, हे तपासावे लागते, आणि गुणांची तुलना करण्यासाठी नवी मानके काढावी लागतात. तुमच्या क्षेत्र-प्रकल्पासाठी असे काम जवळून पाहण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

मात्र मेजरमधल्या विषयांचा क्रम आधीच ठरलेला असतो. तुमच्या हाती असतात ते मायनर, कौशल्यविषय आणि खुले ऐच्छिक विषय. खुला ऐच्छिक विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो, आणि हीच कला शाखेच्या विद्यार्थ्यासाठी सांख्यिकी लवकर शिकण्याची उत्तम जागा आहे. मायनर निवडताना गुण सहज मिळतात एवढाच विचार करू नये. अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान, यांपैकी प्रत्येकाने मानसशास्त्राची वेगळी बाजू उघडते.

वेळेचा हिशेबही हवा. लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला 15 तास धरतात, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30. म्हणजे दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक चार श्रेयांकांच्या लेखी विषयाइतकेच, 60 तास घेते. कार्यानुभव (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण) आणि प्रात्यक्षिक एकाच सत्रात येत असतील, तर त्या सत्रात आणखी काही स्वतःहून अंगावर घेऊ नये.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के गुण असावे लागतात. सर्व सत्रांचे श्रेयांक समान धरले आणि पहिल्या दोन सत्रांत 65 टक्के पडले, तर उरलेल्या चार सत्रांत सरासरी 80 टक्के मिळवावे लागतील. त्यामुळे हा निर्णय तिसऱ्या वर्षाअखेर घेण्याचा राहत नाही.

पदवीनंतर लगेच समुपदेशन केंद्र काढता येईल, अशी कोणाची समजूत असेल, तर तिचाही आताच विचार करावा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञासाठी पदव्युत्तर शिक्षणापुढचे, भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण अपेक्षित आहे. म्हणून पदवीच्या काळात केवळ चिकित्सेशी संबंधित विषयांचा ढीग करण्यापेक्षा सामाजिक, विकासात्मक आणि जैविक मानसशास्त्राचाही पाया घालावा. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांतही तो लागतो. नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्र करण्याचा मार्ग विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून नव्या प्रवेशांसाठी बंद केला आहे, हेही लक्षात ठेवावे.

दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरण्यापूर्वी विभागात जाऊन प्राध्यापकांना भेटा आणि यादीतले कोणते ऐच्छिक विषय प्रत्यक्षात शिकवले जातात, ते विचारा, कारण पुरेसे विद्यार्थी नसतील तर विषय सुरूच होत नाही. तुमचा विषय असा अडकला, तर स्वयम् या शासकीय ऑनलाइन मंचावर जुलै आणि जानेवारीत सुरू होणारे अभ्यासक्रम पाहा. मात्र त्यांचे श्रेयांक आपल्या पदवीत धरले जातील याची महाविद्यालयाकडून लेखी खात्री नावनोंदणीच्या आधी करून घ्या.