कोर्ट नाक्यावरची फाइल

[ठाणे, कोर्ट नाका. टायपिंगचं दुकान, दारात रांग.]

प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, नावात बदल. इथे कॉम्प्युटरवर कुठलं सॉफ्टवेअर चालतं याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नसतं. प्रिंट हातात पडली की झालं. दरवर्षी लायसनचे पैसे भरून कंटाळलेल्या या दुकानाने विंडोजऐवजी लिनक्स आणि वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस घेतलं. फुकट मिळतं म्हणून घेतलं, हे दुकान चालवणाऱ्या ताई लपवत नाहीत.

अडचण आली सहीपाशी. वकिलांकडून आलेल्या करारात सह्या तिसऱ्या पानाच्या तळाशी होत्या. इथे उघडला, तर सह्यांची जागा एकटीच चौथ्या पानावर! मजकुरात काही फरक नाही. करार मंगल फॉन्टमध्ये होता. मंगल हा विंडोजचा फॉन्ट, या मशीनवर नव्हता. त्याच्या जागी आलेल्या फॉन्टची अक्षरं रुंद, म्हणून ओळी वाढल्या. इंग्रजीत वर्डच्या कॅलिब्री फॉन्टऐवजी कार्लिटो हा फॉन्ट चालतो, दोघांच्या अक्षरांची रुंदी सारखीच. मराठीत सरळ उपाय म्हणजे मुक्ता किंवा नोटोसारखा मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारा, फॉन्ट दोन्हीकडे टाकायचा. वकीलसाहेबांनी तो टाकला, थोडी कुरकुर करून.

[स्क्रीन: फाइलचं नाव बदललं जातंय.]

आता ही गंमत बघा. लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलच्या नावाच्या शेपटाला ‘झिप’ लावलं की ती उघडते आणि आत कंटेंट डॉट एक्सएमएल सापडते. त्यात अख्खा करार, साध्या एडिटरमध्ये वाचता येईल असा. ही रचना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. वर्डची डॉकएक्स फाइलही आतून झिपच, हे मान्य करायला हवं. वर्डची जुनी डॉक फाइल मात्र तशी नाही. आमच्या मते ऑफिसचं सॉफ्टवेअर निवडताना किमतीच्या आधी हे बघावं: उद्या कंपनी राहिली नाही, तर आपला कागद वाचता येईल का?

लिबरऑफिसच्या पूर्वजावरच ती वेळ येऊन गेली आहे. जर्मनीतलं स्टारऑफिस सन कंपनीने १९९९ मध्ये घेतलं, पुढच्या वर्षी त्याचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, सगळ्यांना खुला केला, त्यातून ओपनऑफिस झालं. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. तेव्हा काम करणारी बरीचशी मंडळी वेगळी झाली आणि तोच कोड घेऊन त्यांनी लिबरऑफिस काढलं. ओपनऑफिस आजही डाउनलोड होतं, पण जुन्या नावाला भुलू नका. काम पुढे सरकतंय ते लिबरऑफिसचं.

[कपाटातल्या जुन्या सीडी.]

खरा गुंता इथे आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर अख्खं प्रतिज्ञापत्र इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतं. “फाइल उघडते हो, पण वाचायची कशी?” ताई विचारतात. लिबरऑफिसकडेही याला औषध नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणायचा आणि डोळ्यांखालून घालायचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. ‘अर्जदार’ आणि ‘विरुद्ध’ हे शब्द तर प्रत्येक पानावर! दुपारी गर्दी ओसरली की ताई एकेक नमुना असा सोडवून घेतात.

एका मशीनवर जुनं मायक्रोसॉफ्ट ऑफिस अजून ठेवलंय. काही गिऱ्हाइकांच्या एक्सेल फाइलींत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या सूचना, असतात, ते लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये सगळे चालत नाहीत. त्या मशीनला एवढ्यात हात लावायचा नाही, असं ठरलंय.