सावली बारा वाजता ऐकत नाही

शिक्षक मित्रांनो, पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी गमतीचे उपक्रम, असा विषय मला दिला आहे. नुसती यादीच हवी असेल तर ती तुमच्या मोबाइलवर रोज येऊन पडते. मी दोन-तीनच सांगेन.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला पताका कापायला आणि तक्ते रंगवायला लावलं की ते लवकर कंटाळतं. बाईंच्या मनातलं चित्र कागदावर उतरलं की काम संपलं! या वयाला खरी चव लागते ती पैजेची. म्हणून उपक्रम निवडताना मी एवढंच बघतो, की मुलांनी आधी अंदाज बांधलाय का आणि तो चुकू शकतो का.

आता काठीचं बघा. एक मीटरची सरळ काठी मैदानात ओळंब्यात उभी करा. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोरीला दगड बांधा. विचारा, सावली सगळ्यांत आखूड कधी होईल? सगळे ओरडणार, बारा वाजता! ज्याचा त्याचा अंदाज नावासकट वहीत लिहून घ्या. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला एकेक खडा ठेवायचा. बारा वाजतात आणि सावली आपली आखूड होतच राहते. डिसेंबरात बेळगावला ती साडेबाराच्या आसपास सगळ्यांत आखूड असते. त्या वेळी मुलं जो कालवा करतात, तो कृपा करून थांबवू नका. (शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा हे इतर वारी करा. बिसीऊटाची, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची, रांग थोडी मागं-पुढं होईल, तेवढं स्वयंपाकाच्या मावशींना आधी सांगून ठेवा.)

कारण साधं आहे. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली. बेळगाव साधारण ७४.५ अंशांवर. फरक ८ अंशांचा, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३२ मिनिटं. हा गुणाकार मुलांनीच करायचा. पण एकदा मोजून सोडू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराची वेळ येईल आणि फेब्रुवारीच्या मध्याला जवळजवळ पाऊणची. पृथ्वीची कक्षा लांबट आणि तिचा आस कललेला, म्हणून हे होतं. सगळं सातवीला समजणार नाही. न समजो, वहीत नोंद तर राहील.

लांबीचीही मजा आहे. ऑक्टोबरअखेरीस मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली ५५ सेंटिमीटरच्या आसपास, २२ डिसेंबरला सुमारे ८२. जूनमध्ये ऊन मिळालंच तर ती चक्क दक्षिणेकडे पडलेली दिसेल, दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसत नाही. सावली पूर्ण गायब होण्याचे दिवसही आपल्याकडे वर्षात दोन. पहिला मेच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा ८-९ ऑगस्टच्या सुमाराला, तेव्हा बेळगावचा पाऊस! ही थट्टाच आहे, पण मे महिन्यात मुलांना घरच्या अंगणात बघायला सांगता येतं.

दुसरा उपक्रम बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यासाठी खास. वाळूचा लांबट ढीग करा, वरची धार म्हणजे घाटमाथा. झारीनं पाणी घाला. कोणतं पाणी कुठं जाईल, यावर आधी पैज. मग नकाशा उघडा. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा कूडलसंगमला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच तालुक्यातली म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्र गाठते. आपल्या शिवारातलं पाणी कुठल्या समुद्राला, हे प्रत्येकानं घरी विचारून यायचं. आजोबा हमखास ओढ्यांची नावं सांगतात.

बाजाराचा हिशोब, पाऊस मोजायची बाटली वगैरे तुम्ही करताच.

या उपक्रमांसाठी मुलांचं मंडळ करा, ते मात्र दहा-पंधरा जणांचंच ठेवा. कार्यवाह दर महिन्याला बदला, वही त्याच्याकडे. गुरुजींनी वहीला हात लावायचा नाही. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

आणि शेजारी कन्नड शाळा असेल तर त्यांनाही काठी घेऊन बोलवा. त्यांची काठी मुद्दाम वेगळ्या लांबीची असू द्या. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायच्या आणि काठीच्या लांबीनं भागायच्या. सातवीचं गुणोत्तर तिथंच उरकेल, तासिका वाचेल. आकडे जुळले नाहीत तर भांडू द्या, नि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजू द्या.