वटवाघळाचे सोयरे

मंडळी, नान्नजच्या माळावर माळढोक दिसला नाही तरी काळविटांचा कळप बहुधा दिसतो, आणि आपण हरखून जातो. गावच्या वडाला लटकलेल्या वटवाघळांना मात्र आपण ‘उडते उंदीर’ म्हणून मोकळे होतो. म्हणून काळविटाचा वाळवंटातला भाऊबंद, अरबी ओरिक्स, आणि आपले मोठे फळखाऊ वटवाघूळ यांना आज शेजारी ठेवून पाहू.

आपापला हात समोर धरा. तळहातात पाच लांब हाडे आहेत. ओरिक्सच्या पुढच्या पायात त्यांतली तिसरी आणि चौथी जुळून एकच भक्कम हाड झाले आहे. त्याखालच्या दोन बोटांच्या टोकांवर हे सत्तरेक किलोचे जनावर वाळू तुडवते. आपण ज्याला त्याचा पुढचा गुडघा म्हणतो, ते मनगट आहे. वटवाघळात हीच बोटे अफाट लांबली, त्यांच्यामध्ये कातडी ताणली गेली आणि पंख झाला. अंगठा तेवढा मोकळा राहिला, फांदीवर सरकायला.

आता नाते. डीएनएच्या अभ्यासातून असे दिसते की वटवाघळे गाय-हरीण, घोडा, कुत्रा-मांजर यांच्या मोठ्या शाखेत येतात. उंदीर दुसऱ्या शाखेत आहे, माकडांच्या आणि आपल्या! तरीही १९७२च्या वन्यजीव कायद्याने फळखाऊ वटवाघळांना उंदीर-घुशींसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवले. ती यादी २०२२च्या दुरुस्तीने गेली. पन्नास वर्षे फार झाली, असे मला वाटते.

सोलापूरकरांना उन्हाचे वेगळे सांगायला नको. ओरिक्स दिवसा अंगाचे तापमान ४१ अंशांच्याही वर चढू देतो. घाम गाळून पाणी घालवत नाही. साठलेली उष्णता रात्रीच्या गारव्यात सोडतो. पाणीही बरेचसे चाऱ्यातूनच मिळवतो, त्यामुळे कित्येक दिवस पाणवठ्याविना राहतो. वटवाघळाला हे जमत नाही. ते पंखांनी वारा घेते, अंगाला लाळ फासते, धापा टाकते. पारा ४२च्या पुढे गेला की ऑस्ट्रेलियात त्याच्या जातभाईंचे थवेच्या थवे मरून पडले आहेत.

दोघांची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि दुधावर वाढवते. म्हणून घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. रानातला शेवटचा ओरिक्स १९७२ साली ओमानमध्ये मारला गेला. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेला कळप १९८२ साली तिथे परत सोडता आला, कारण काही जनावरे आधीच पकडून जपली होती.

आपल्याकडे रस्ता रुंद करताना जुने वड पडतात. तोडणे टळतच नसेल, तर निदान फेब्रुवारी ते मे हे महिने सोडा; तेव्हा पिल्ले आईच्या पोटाला बिलगलेली असतात.