रापणीचा किनारा

नमस्कार श्रोतेहो. सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरात घरोघरी बेत सुरू होतात, यंदा समुद्र बघायचा. आपण देशाच्या मधोमध राहणारी माणसं. कोणत्याही दिशेनं निघालं तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. एवढा प्रवास करायचा तर किनारा मोकळा हवा, स्वच्छ हवा, गर्दी नको, असं वाटणं अगदी साहजिक आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात असे किनारे अजून आहेत. त्यातल्या निवती आणि भोगवे या वेंगुर्ला तालुक्यातल्या गावांबद्दल आज बोलायचं आहे.

कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते, तिथं एका अंगाला मालवणकडचं देवबाग आणि दुसऱ्या अंगाला भोगवे. आणखी दक्षिणेला निवती. टेकडीवर जुना किल्ला, खाली मच्छीमारांची घरं, माड, आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. दुपारी पोहोचलात तर किनाऱ्यावर चिटपाखरू दिसणार नाही, आणि रिकामी जागा सापडली म्हणून तुम्हाला आनंद होईल. श्रोतेहो, ती जागा रिकामी नसते. अख्ख्या गावाचं काम त्या वाळूवर चालतं. ते काम बघायचं असेल तर रापण बघा.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. पाण्याचा रंग पालटलेला दिसला, पक्षी एका जागी घिरट्या घालू लागले, की जाणत्या माणसाला कळतं, मासा आत आला. मग दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी निघते. अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणून देते. दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात. कुणी दोर कमरेला अडकवून मागे मागे चालतो, कुणी गुडघाभर पाण्यात उभा असतो. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकत येतात आणि शेवटी जाळ्याचा मधला भाग वाळूवर येतो. कधी त्यात बांगडे, तारल्या उसळत असतात. कधी नुसतं शेवाळ आणि चार मासे. तेवढ्यासाठी सगळ्यांची सकाळ गेलेली असते.

नंतर वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्यांचे वेगळे. मला या वाट्यांचं फार मोल वाटतं. दोराला हात लावणारा कुणी रिकाम्या हातानं जात नाही, पाहुणासुद्धा. "खयसून इलात?" म्हणून विचारतील, तुम्ही नागपूर सांगाल, आणि दोर धरलात तर तुमच्याही पिशवीत दोन बांगडे पडतील. ज्या घरी उतरला असाल तिथं ते द्या. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि भात जेवलात की समुद्राची ओळख पुरी झाली म्हणायची.

आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, ढिवर बांधव जाळी टाकतात. सहलीला गेलेल्याला तिथं कमळं दिसतात; तलावावर कुणाचं पोट आहे हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. कोकणातही तसंच आहे. रापण ओढायला खडक नसलेली, भिंत नसलेली, लांबलचक मोकळी वाळू लागते. तिथं खुर्च्या, टपऱ्या आणि पाण्यावरच्या खेळांच्या बोटी आल्या तर जाळं ओढायचं कुठून? होड्या ओढण्याची, जाळी वाळवण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीनं चालत आलेली आहे. सातबाऱ्यावर तिची नोंद सापडेलच असं नाही. म्हणून मला तिची काळजी वाटते.

दुसरा घाव समुद्रातून येतो. मोठ्या यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्यांनी अख्खा थवा बाहेरच घेरतात, आणि किनाऱ्याजवळ येणारा मासा घटतो. पारंपरिक मच्छीमारांच्या हितासाठी राज्यात 1981चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. एलईडी दिव्यांच्या झोतात मासा गोळा करून पकडण्यावर केंद्रानं 2017 साली बंदी घातली. तरीही रापणकरांना पुन्हा पुन्हा आंदोलनं करावी लागली आहेत. या भांडणात माझं मन सरळ रापणकरांच्या बाजूनं आहे.

आता तुमच्या बेताविषयी. जून-जुलैत पावसाळी मासेमारी बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुढचा हंगाम धरला जातो. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरनंतर जाणं बरं. गाडीनं कुडाळला उतरा आणि शक्यतो गावातल्या घरीच मुक्काम करा, म्हणजे तुमचे पैसे त्या गावात राहतील. वाळत घातलेल्या जाळ्यावरून चालू नका. गाडी वाळूत नेऊ नका. काचेची बाटली तर अजिबात टाकू नका, कारण दोर ओढणारी माणसं अनवाणी असतात. फोटो काढण्याआधी विचारा. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला घाई असते.

आणि रापणीला ठरलेली वेळ नसते. मासा दिसला तर लागते, नाही तर दिवस तसाच जातो. तेव्हा दोन-तीन मुक्काम हाताशी ठेवा आणि आदल्या संध्याकाळी होड्यांपाशी जाऊन विचारा, उद्या रापण लागणार का.