झटका कुठल्या प्रकरणात लिहायचा?

अर्धांगाचा झटका येऊन माणूस गेला की हॉस्पिटलात फॉर्म नंबर ४ भरतात, डॉक्टर त्यावर मृत्यूचं कारण लिहितात आणि मग त्या कारणाला कोड लागतो. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजार आणि मृत्यूच्या कारणांच्या जागतिक यादीच्या दहाव्या आवृत्तीत, रक्तस्राव की गुठळी हे न कळलेल्या स्ट्रोकचा कोड आय ६४, आणि 'आय' म्हणजे रक्ताभिसरणाचं प्रकरण. झटका मेंदूला आलेला आणि मोजला जातो हार्ट अटॅकच्या प्रकरणात!

ही यादी जुनी आहे. जाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, १९४८ मध्ये ती डब्ल्यूएचओकडे आली. अकराव्या आवृत्तीच्या वेळी मात्र स्टॅनफर्डच्या टीमने वेबप्रोटेजे या आपल्या सॉफ्टवेअरवर आयकॅट नावाचं टूल उभं केलं, ते ब्राउझरमध्येच उघडायचं, म्हणजे कुठल्याही देशातला डॉक्टर आपल्या टेबलावरून काम करणार.

आयकॅटची स्क्रीन डोळ्यांसमोर आणा. डावीकडे आजारांचं झाड, फांदी उघडली की पोटफांद्या. उजवीकडे त्या आजाराचा फॉर्म, व्याख्या काय, शरीराचा कुठला भाग, कारण काय. आणि एखाद्याला पटलं नाही तर तो त्याच आजारावर नोट टाकतो, दुसरा तिथेच उत्तर देतो, कोणी काय बदललं ते सगळं नोंदलेलं राहतं. मला हेच फार मोलाचं वाटतं, कारण वाद त्या आजाराला चिकटून राहतो, कोणाच्या ईमेलमध्ये हरवत नाही. पहिल्या तीन वर्षांत २७० हून जास्त तज्ज्ञांनी यात २ लाख ६० हजारांवर बदल केले.

टीबीचा मेंदूज्वर घ्या, तो संसर्ग पण आहे आणि मेंदूचा आजार पण. मूळ झाडात तो दोन्ही फांद्यांवर ठेवता येतो, फक्त आकडेवारी काढताना एकाच ठिकाणी धरतात, नाहीतर एक पेशंट दोनदा मोजला जाईल ना.

आणि स्ट्रोक? तो शेवटी मज्जासंस्थेच्या, म्हणजे आठव्या प्रकरणात गेला. नवा कोड ८बी२०. या कोडमध्ये इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरं मुद्दाम वापरलेलीच नाहीत, घाईत लिहिताना ती १ आणि ० वाटतात म्हणून. आयसीडी-११ १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आजही कोणीही वेबसाइटवर अकाउंट काढून बदल सुचवू शकतं. आपल्याकडे मात्र अजून बऱ्याच फॉर्मांवर आय ६४ च लागतोय.