पंचगंगेचा रिपोर्ट तीन दिवसांनी येतो

सकाळचे सात वाजलेत, आपण प्रयाग चिखलीच्या संगमावर आहोत. कोल्हापूर इथनं अगदी जवळ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सगळ्यांचं पाणी इथं येऊन एक होतं आणि पाचवी सरस्वती, ती दिसत नाही, ती मानायची. इथनं पुढं या पाण्याचं नाव पंचगंगा, आणि साधारण 80 किलोमीटरवर नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाऊन ते नाव संपतं.

आपण आज एक काचेची बाटली घेऊन निघालोय, 300 मिलीची, काचेचंच बूच असलेली. नदीची तब्येत बघायचं जुनं आणि भरवशाचं साधन हेच. पाणी काठावरचं घ्यायचं नाही, प्रवाहात जाऊन, पाणी येतं त्या बाजूला तोंड करून हातभर खालचं घ्यायचं, आणि बाटलीत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण आपल्याला मोजायचाय तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, हवेतला नाही. मग त्यात दोन द्रावणं सोडायची, बूच लावायचं, बाटली उलटीसुलटी करायची. आता बघा, तळाला तपकिरी साका बसायला लागला. तपकिरी म्हणजे पाण्यात ऑक्सिजन आहे. नेमका किती ते लॅबमध्ये कळेल, पण नुसत्या डोळ्यांनी एवढं तरी कळलं की पाणी अगदीच मेलेलं नाही. आणि साका पांढराच राहिला तर? तर त्या पाण्यात ऑक्सिजनच नाही. अशी पांढरी बाटली हातात धरली की रिपोर्ट वाचायची गरज पडत नाही.

आंघोळीच्या पाण्यासाठी नियम असा आहे की एक लिटरमध्ये ऑक्सिजन कमीत कमी 5 मिलिग्रॅम पाहिजे, आणि बीओडी 3 च्या वर जायला नको. बीओडी म्हणजे काय तर पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, घाण जेवढी जास्त तेवढी जंतूंची भूक जास्त. त्यासाठी दुसरी बाटली 27 डिग्रीला तीन दिवस अंधारात ठेवतात आणि मग किती ऑक्सिजन खाल्ला गेला ते बघतात. हे तीन दिवस लक्षात ठेवा.

आता शहरात येऊ. हा जयंती नाला. पण जुन्या माणसांना विचारा, ते नाला म्हणत नाहीत, जयंती नदी म्हणतात. कात्यायनीच्या बाजूनं येणारी ही छोटीशी नदी, शहर वाढलं तसं घराघराचं सांडपाणी तिच्यात आलं आणि कागदावर सुद्धा ती नाला झाली. आता तिचं पाणी अडवून, पंपानं उचलून कसबा बावड्याच्या केंद्रात नेतात, तिथं रोज 76 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करायची सोय आहे. सोय आहे हे खरंच चांगलं, पण पंप बंद पडला, वीज गेली, नाहीतर वळवाचा एक जोरदार पाऊस झाला की नाला बंधाऱ्यावरनं उडी मारतो आणि सरळ नदीत. बाकी चांगलंही सांगायला पाहिजे, गणपती आता बरेचसे शहरातल्या इराणी खणीत, म्हणजे जुन्या दगडखाणीत जातात, नदीत नाही, आणि हे लोकांनीच मनावर घेतल्यामुळं झालं.

पुढं बंधारे लागतात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, ज्याला अख्ख्या महाराष्ट्रात के.टी. वेअर म्हणतात, त्यातला के म्हणजे कोल्हापूरच. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं, ऊस भिजवायचा, पाऊस आला की बरगे काढायचे. डोकेबाज काम आहे यात वाद नाही, पण बरगे घातले की नदीचं तळं होतं आणि तळ्यात जे येईल ते तिथंच राहतं. गावांचं सांडपाणी येतं, उसाला टाकलेला युरिया वाहून येतो, त्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, असं माजतं की खाली नदी आहे हे सांगावं लागतं.

मग उन्हाळा सरताना पहिला मोठा पाऊस पडतो, नाल्याओढ्यांत साठलेली सगळी घाण एका दमात खाली येते, आणि तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो. शिरोळ तालुक्यातल्या लोकांना हे नवीन नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की त्यांना कळतं. पहाटेच का, तर रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती पण ऑक्सिजनच खात असतात, सूर्य उगवेपर्यंत पाणी अगदी रिकामं होतं. आणि पाण्याचे नमुने घ्यायला महिन्यातनं एकदा येणारी सरकारी गाडी येते दिवसा, ऑफिसच्या वेळेत, ऊन पडल्यावर, जेव्हा पाण्यात जरा तरी जीव आलेला असतो. आकडा खोटा नसतो हो, फक्त तो अकरा वाजताचा असतो.

त्याआधी वाटेत इचलकरंजी. यंत्रमागांचं गाव, कापड विणायचं, धुवायचं, रंगवायचं. इथल्या एका ओढ्याचं नावच काळा ओढा आहे, ते नाव ठेवायला कुठल्या लॅबची गरज लागली नाही. 2012 च्या उन्हाळ्यात इथं काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसं दगावली. पाण्यात मिसळलेल्या मैल्याचा रंग मात्र असा दिसत नाही, त्यासाठी निर्जंतुक बाटली लागते, बर्फात ठेवून वेळेत लॅबला पोचवायची, मग त्यात मैल्यातले जंतू किती ते मोजतात.

आणि यावर आपण काय केलं ते बघा. इचलकरंजीनं कृष्णेवरनं पाणी आणलं. पुरलं नाही म्हणून वारणेचं मागितलं, वारणाकाठच्या दानोळीकरांनी विरोध केला. मग दूधगंगेचं, सुळकूडवरनं, तिथं कागलकडचे लोक उभे राहिले. कोल्हापूर शहरानं थेट पाईपलाईन टाकली, 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं, ते धरण पण दूधगंगेवरच. एक नदी घाण झाली की शेजारच्या नदीकडं जायचं, असा हा हिशोब चाललाय. ज्यांना शक्य आहे ते जातात, खालच्या गावांना पाईपलाईन कोण टाकणार, त्यांच्यासाठी नदी तीच.

ही नरसोबाची वाडी. पावसाळ्यात पाणी चढलं की ते दत्ताच्या पादुकांवरनं वाहत दक्षिणद्वारातनं बाहेर पडतं आणि त्या पाण्यात आंघोळ करायला लांबनं लोक येतात. आज पाणी पायऱ्यांच्या खाली आहे. संगमावर एका आजींनी ओंजळ भरली, डोळे मिटले आणि प्यायल्या. आम्ही त्यांच्या बाजूलाच आपली शेवटची बाटली भरली, बूच लावलं, लेबलवर वेळ लिहिली, सायंकाळचे साडेपाच.

बीओडीचा आकडा तीन दिवसांनी येईल. पावसाळा असता तर हे पाणी तोवर कृष्णेवरचा राजापूर बंधारा ओलांडून कर्नाटकात गेलं असतं. आत्ता बरगे घातलेत, त्यामुळं ते इथंच कुठंतरी असेल.